‘खूनी टेनामेंट’ची कॅसेट

त्या मंगळवारी दादा सायकल घेऊन गोरव्याला कामावर गेला. कारखान्याची पाळी सुटली. सायकल स्टँडवर होती. दादा घरी आला नाही. नंतरही आला नाही.

आई यंदाच्या माघात गेली. बडोद्याच्या निजामपुऱ्यातलं तिचं घर रिकामं करायला मला पंधरा दिवस लागले, कारण मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन बसत होते. शेवटी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक उरली. तिच्या तळाशी हिरव्या खणात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट होती. चिकटपट्टीवर बाळूकाकांचं तिरकं अक्षर: ‘खूनी टेनामेंट. पुसू नये.’

कॅसेटला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि त्याच्याखाली आणखी एक, आंबूस, ओल धरलेल्या भिंतीचा. उजेडाकडे धरली तर फितीच्या कडेवर पांढरी जाळी दिसली, लोणच्यावर येते तशी. मी ती लगेच पुन्हा खणात गुंडाळली. का कोण जाणे, उघडी ठेवायला भीती वाटली.

दादाचे दोन फोटो आहेत. एक अकरावीच्या वर्गाचा, दुसरा कारखान्याच्या ओळखपत्रावरचा. दोन्हींत त्यानं श्वास रोखून धरला आहे. तो हसायचा तेव्हा आधी मान खाली घालायचा, मग वरचा ओठ एका वाकड्या दातावर अडकायचा, आणि मग सगळं तोंड सुटायचं. हे मी असं लिहू शकते. डोळे मिटून पाहू मात्र शकत नाही. कधीपासून दिसेनासं झालं तेही सांगता येणार नाही. त्या कॅसेटच्या अगदी शेवटी दादा एकदा हसतो. चार सेकंद. मला ते चार सेकंद हवे होते.

बाळूकाका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. निजामपुऱ्याच्या मुख्य रस्त्यावर त्यांचं लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. खांद्यावर पेटीएवढा कॅमेरा, मागून वायर उचलून धरणारा कोणीतरी, आणि पुढे काका, उलटे चालत, नवरीच्या आईला म्हणत, ‘जरा हसा, ताई, तुमचीच पोरगी आहे ना?’ माझी नववी संपली त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला. महिनाभर लग्नं बंद. कॅमेरा दुकानात झाकून पडलेला. चौथ्या-पाचव्या दिवशी काका आमच्याकडे आले आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत म्हणाले, ‘वहिनी, पिक्चर काढतोय. भयानक. व्हिडिओ पार्लरवाले असलंच मागतात.’

आई अनारशांचं पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. ‘अधिक महिन्यात लोक दानधर्म करतात, भावजी. तुम्ही खून करा.’

‘खोटे गं.’

‘खोटे का होईना. महिना तर खरा आहे.’

काका हसले. तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

बडोद्यात बैठ्या जोडघरांना टेनामेंट म्हणतात. हरणीला विमानतळाच्या बाजूला तेव्हा अशी एक सोसायटी अर्धवट बांधून पडली होती. ओळीनं पंधरा-वीस घरं, खिडक्यांना चौकटी आहेत पण दारं नाहीत, अंगणात वाळूचे ढीग, ढिगांवर उगवलेलं गवत. एक कुटुंब तिथे राहायला येतं आणि एकेक जण मारला जातो, एवढीच गोष्ट होती. मारणारा तोंडावर पिशवी घालून येतो. तो का मारतो, हे काकांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, ‘ते नंतर बघू ने.’ नंतर ते राहूनच गेलं.

मारणारा दादा होता. तो बोलताना अडखळायचा. ‘क’ आणि ‘प’ त्याच्या तोंडातून निघायलाच तयार नसत. बस कंडक्टरला ‘कारेलीबाग’ सांगण्याऐवजी तो एक थांबा पुढे जाऊन चालत परत यायचा. काकांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, ‘अरुण, तुझा रोल बेस्ट. एक डायलॉग नाही. नुसतं चालायचं.’ दादा मान खाली घालून हसला.

पिशवी आईनं शिवली. पिठाच्या गिरणीवर न्यायची मांजरपाटाची जाड पिशवी होती, ती उलटी करून. दादाला स्टुलावर बसवून तिनं त्याच्या डोळ्यांची जागा खडूनं आखली, कात्रीनं दोन भोकं पाडली, आणि धागे निघू नयेत म्हणून भोकांना काजाचा टाका घातला. शर्टाला घालतात तसा, बारीक, नेटका. पिशवीत पिठाचा वास राहिला होता. दादा शूटिंगहून यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या असायच्या.

हत्यार म्हणून आमच्याच घरातली तलवार होती. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि एरवी ती कपाटामागे उभी असायची. आईनं आधी नाही म्हटलं. मग रोज सकाळी तिच्या मुठीला हळदकुंकू लावून, तिला नमस्कार करून दादाच्या हातात देऊ लागली. रक्तही घरचंच. गुळाच्या पाकात कुंकू. हरणीच्या उन्हात त्याला पाच मिनिटांत लाल मुंग्या लागायच्या, आणि मेलेली माणसं ओरडत उठून पळायची.

सगळं भर दुपारी चालायचं. काका भिंगावर निळा जिलेटिन कागद लावत आणि म्हणत, झाली रात्र. टीव्हीवर ती रात्र मी नंतर पाहिली तेव्हा अंगावर काटा आला होता. निळं अंगण, निळी वाळू, आणि त्या रात्रीत माणसांच्या पायांशी मध्यान्हीच्या आखूड सावल्या. आजही भीतीचं स्वप्न पडलं की ते निळं असतं आणि त्यात ऊन असतं.

काकांचा हात लग्नांचा. लग्नाच्या कॅसेटमध्ये एखादी मावशी दिसली नाही तर ती माणसं दुकानावर भांडायला येत. त्यामुळे कोणाचाही चेहरा राहता कामा नये, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की ‘खूनी टेनामेंट’मध्ये तलवार उगारलेली असताना कॅमेरा तिच्यावरून निघून हळूहळू सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो. माणसंही सवयीनं त्याच्याकडे पाहून किंचित हसतात. मग तो परत येतो तोवर मरणारा मेलेला असतो. जोडणीच्या मशीनमध्येही लग्नाचेच आकार होते. एका खुनातून दुसऱ्या खुनात आपण बदामाच्या आकारातून जातो. एका ठिकाणी प्रेतावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. विमान आलं की शूटिंग थांबायचं, पण काका थांबायला विसरले होते त्या प्रसंगात सगळे, मारणारासुद्धा, एकदम आकाशाकडे पाहतात. विमानाचा आवाज कॅसेटमध्ये नाही. काकांनी पुढे सगळ्या आवाजावर कुठलंसं ढोलाचं संगीत चढवलं. त्याच्याखाली जे कोणी काही बोललं होतं ते सगळं गेलं.

मला तिसऱ्या दिवशी मारलं. मी शेवटच्या घराच्या मोरीत लपायचं होतं. ओल्या सिमेंटचा, चुन्याचा, आणि कुठूनतरी कडुनिंबाच्या तापलेल्या पाल्याचा वास होता. बाहेर वाळूवर पावलं वाजत होती. दादाच्या डाव्या पायाची टाच किंचित घासायची. घरात रोज ऐकलेला आवाज. तो जवळ आला तशी मी खरोखरच भिंतीला चिकटले. मोरीच्या दारात पिशवी वाकली. आतून दादा म्हणाला, ‘ठमे, डोळे मीट. कुंकू जाईल. पटकन पडून राहा, काकांना काही कळत नाही.’

एका दमात म्हणाला. ‘क’ आणि ‘प’ दोन्ही. कुठेही अडखळला नाही.

मी डोळे मिटायचे विसरले. त्या दिवसापासून मी लक्ष ठेवलं. पिशवीच्या आत तो सरळ बोलायचा. जेवायच्या सुट्टीत आम्ही सावलीत बसून द्रोणांतून सेव-उसळ खायचो तेव्हाही तो पिशवी नुसती नाकापर्यंत वर करायचा, घास घ्यायचा, पुन्हा खाली ओढायचा.

‘उकडत नाही तुला?’ मी विचारलं.

‘आत बरं वाटतं गं,’ तो म्हणाला.

मी हे घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं चौदाव्या वर्षी वाटलं नाही.

अधिक महिना संपला, लग्नं सुरू झाली, आणि पिक्चरचा शेवट घाईघाईत उरकला. काकांना एकच शेवट ठाऊक होता: सगळ्यांना ओळीनं उभं करायचं आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर थोडं थांबायचं. मेलेले सगळे रक्त पुसून उभे राहिले. ओळीच्या टोकाला दादा, पिशवीसकट. काका कॅमेऱ्यामागून ओरडले, ‘अरे काढ ने ती! तुझी आई विचारेल, माझा मुलगा कुठाय?’ दादानं पिशवी काढली. केस उभे राहिलेले, भुवया पिठानं पांढऱ्या. त्यानं मान खाली घातली आणि मग हसला.

गणपतीत आमच्या सोसायटीच्या मांडवात संध्याकाळच्या आरतीनंतर पिक्चर लावला. धूप, ओल्या दुर्वा, जनरेटरचा धूर. लोक पहिल्या खुनापासून जे हसत सुटले ते शेवटपर्यंत. पार्लरवाल्यांनी कॅसेट परत पाठवली. पुढचे काही आठवडे पोरं दादाच्या सायकलीमागे ‘खूनी! खूनी!’ करत धावायची. तो घंटी वाजवून त्यांना साथ द्यायचा. दिवाळी झाली. थंडी पडायला लागली, आईनं स्वेटर उन्हात टाकले. मग तो मंगळवार आला.

फोटो हवा, असं पोलीस चौकीत सांगण्यात आलं, अलीकडचा. शाळेचा फोटो जुना, ओळखपत्रावरचा पुसट. काकांनी दुकानात कॅसेट लावली, शेवटच्या हसण्यावर थांबवली, आणि टीव्हीच्या काचेचा फोटो काढला. वर्तमानपत्रात तो तसाच छापून आला, कपाळावरून एक आडवी रेघ गेलेला. खाली उंची, रंग, अंगावरचा शर्ट, ‘बोलताना अडखळतो’. हरवलेल्या माणसांच्या त्या चौकटींत बाकी सगळे गंभीर होते. आमचा एकटाच हसत होता. कोणी म्हणालं सुरतेला पाहिला. कोणी म्हणालं डाकोरच्या देवळात. वडील दोन्हीकडे जाऊन आले, तो फोटो आणि कात्रण तिकडेच देऊन आले, आणि नंतर त्या विषयावर बोलेनासे झाले.

काकांनी दुकानातला जुना व्हीसीआर आमच्याकडे आणून ठेवला. मंगळवारी दुपारी जेवणं झाली, भांडी घासून झाली, की आई पदराला हात पुसत टीव्हीसमोर बसायची. मी शाळेतून, पुढे कॉलेजमधून, मंगळवारी लवकर यायचे. फीत शेवटाकडे पळवायची, तो आवाज, मग बदामाचा आकार, मग ओळ. आई म्हणायची, ‘थांबव.’

दादा थांबायचा. चित्र बारीक थरथरायचं, त्यामुळे तो श्वास घेतोय असं वाटायचं. आई जवळ सरकून बसायची. कधी काही बोलायची, ‘केस वाढलेत बघ’, किंवा ‘ह्या शर्टाचं बटण मी लावलेलं’. पाच-एक मिनिटांनी मशीन आपोआप सुटायचं, खट्ट व्हायचं, आणि दादाच्या जागी जाळी यायची. ‘परत,’ आई म्हणायची. मी परत लावायचे.

एकदा काका आले असताना हे चाललं होतं. ते दारातच उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘वहिनी, इतका वेळ थांबवत जाऊ नका. फीत एकाच जागी घासली जाते.’

आईनं टीव्हीवरची नजर काढली नाही. ‘बघून कोणी झिजतं का, भावजी?’

काका दारातूनच वळले. चहा न घेता गेले.

एकदा मात्र तिनं मला विचारलं, ‘ती पिशवी मी शिवायला नको होती, होय ना?’ मी म्हटलं, काहीतरीच काय.

हे किती वर्षं चाललं ते मी मोजलेलं नाही. माझं लग्न झालं, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, मशीन बिघडलं, ते दुरुस्त करणारी माणसं संपली. काका गेले, वडील गेले. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कॅसेट कुठे आहे हे मी तिला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

निजामपुऱ्यातच एका इमारतीच्या तळमजल्यावर हेतलबेनचा स्टुडिओ आहे. जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतात. माझ्याच वयाच्या, दांडिया बाजारात मराठी शेजारात वाढलेल्या. त्यांनी कॅसेट नाकाजवळ नेली आणि म्हणाल्या, ‘फूग लागी छे, बेन. बुरशी. मी हातानं साफ करते, पण एकदाच चालेल असं समजा. लग्नाची आहे?’

‘नाही. पिक्चर आहे. आमच्या घरचाच.’

‘कोण आहे त्यात?’

‘भाऊ. शेवटी दिसतो.’

त्यांनी कॅसेट ठेवून घेतली. चार दिवसांनी दुपारी बोलावलं. फीत चालते तितकाच वेळ उतरायला लागतो, त्यामुळे मला पिक्चर पहिल्यापासून पाहावा लागला. तो मी गणपतीनंतर एकदाही पुरता पाहिला नव्हता. आम्ही कोणीच पाहिला नव्हता. कडेला थोड्या रेघा होत्या, बाकी चित्र इतकं स्वच्छ होतं की वाळूवरच्या मुंग्या दिसत होत्या. निळ्या अंगणात पिशवी घातलेला माणूस चालत होता. डाव्या पायाची टाच घासत. दारांतून जात, खिडक्यांच्या चौकटींमागून, घरामागून घर. मी हसू शकले नाही. बदामाच्या आकारातून एक एक जण गेला. हेतलबेन आधी हसल्या, मग माझ्याकडे पाहून थांबल्या. मोरीत मी मेले. माझे डोळे उघडे होते.

मग ओळ आली. मी खुर्ची पुढे ओढली. एकेक चेहरा, हसून पुढे. कॅमेरा टोकाला आला. दादाचा हात वर गेला. त्यानं पिशवीची कड धरली. हनुवटी दिसली.

मग पडदा पांढरा झाला. जाळी, रेघा, फाटल्यासारखं काहीतरी. मग रिकामं अंगण आणि काकांनी लिहिलेलं ‘समाप्त’.

‘मागे घ्या,’ मी म्हटलं.

हेतलबेननी मशीन थांबवलं. फीत हळूच बाहेर ओढून दिव्याखाली धरली आणि मला दाखवली. सगळी तपकिरी, आणि बोटभर जागा जवळजवळ आरपार, सेलोफेनसारखी.

‘ही बुरशी नाही, बेन,’ त्या म्हणाल्या. ‘इथं कोणीतरी खूप वेळा पॉज केलंय. वरची पावडर खरी गई छे. झडून गेली सगळी. चित्र त्या पावडरीतच असतं.’

‘आम्हीच केलं,’ मी म्हटलं.

‘बाकी पिक्चर बघा, एकदम सरस राहिलाय.’

‘तो कोणी बघितला नाही.’

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला. बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी गुजरातीत भांडत होतं. मला मंगळवार संपतानाची एक गोष्ट आठवली. चित्र भुरकट दिसायला लागलं की मी व्हीसीआरचं झाकण काढून आतलं, फीत वाचणारं डोकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे. काकांनीच शिकवलं होतं. कापसाच्या बोळ्यावर दर वेळी थोडी तपकिरी पूड यायची. आई विचारायची, ‘काय गं ते?’ मी म्हणायचे, ‘काही नाही, धूळ,’ आणि बोळा खिडकीतून बाहेर टाकायचे.

आईला हे कळलं नाही. ते बरं झालं असं मी स्वतःला सांगते.

हेतलबेननी सगळं एका पेन ड्राइव्हवर दिलं. एक तास आठ मिनिटांची फाईल आहे. तिच्यात दादा हरणीच्या रिकाम्या घरांमधून चालतो. त्याच्या तोंडावर पिशवी आहे.